आप्पांचा डोळा आणि गाडीतला पिवळा दिवा

त्या वर्षी ऊसतोड सुरू झाली आणि आमच्या डिझेल गाडीत पिवळा दिवा लागायला लागला. इंजिनाच्या चित्राचा. जोडीला कधी धुराचा फिल्टर भरल्याची सूचना यायची, कधी नुसतंच 'गाडी तपासून घ्या'. मग चार-सहा दिवस काहीच नाही. मी निर्धास्त व्हायला लागले की नेमकं पुन्हा उजेड.

गाडी वापरायची बंद करून चालण्यासारखं नव्हतं. माझे वडील, आप्पा, यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यात पाणी साचत होतं. दर महिन्याला सांगलीला नेऊन डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागे. डावा डोळा आधीच गेलेला. तारखा चुकवल्या तर गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आप्पांनी फौजेत ट्रक चालवले होते, बर्फातल्या घाटांतून. आता त्यांना समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहऱ्याच्या जागी डाग. म्हणून शाळेतून रजा काढून स्टिअरिंगवर मी बसायची.

कराडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीला मशीन जोडलं. तिथला मुलगा पडद्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, फिल्टर चोक झालाय. बदलावाच लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच माघारी आणली. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं हात झटकले. "बदलताय कशाला? काढूनच टाका की. सॉफ्टवेअर मारून देतो, दिवा परत लागायचा न्हाई." काढला तर धूर तसाच बाहेर जाणार आणि गाडी बेकायदा ठरणार, हे मी विचारल्यावर त्यानं सांगितलं. शेजारचे म्हणाले, बॅटरीची वायर काढून पुन्हा लावा. तेही केलं. दिवा गेला आणि संध्याकाळी भाजी आणायला निघाले तर परत हजर.

आप्पांचं म्हणणं एकच. "आवाज ऐक की इंजिनाचा. कुठं काय हाय? दिवा खोटा हाय. टिकली चिकटव त्याच्यावर."

मी खरोखर टिकली चिकटवली. पण तिच्या कडेनं पिवळं दिसतच राहायचं आणि माझी नजर रस्त्यावर कमी, तिथंच जास्त. दोन दिवसांनी काढून टाकली.

मग कुणीतरी सांगितलं की गाडी हायवेवर एका वेगानं पळवली की फिल्टर आतल्या आत जळून साफ होतो. कराडच्या आसपास रुंदीकरणामुळं एक वेग धरणं अशक्यच. म्हणून एका रविवारी आप्पांना घेऊन मी थेट सातारा ओलांडून सुरूरपर्यंत गेले. कुणाकडं जायचं नव्हतं, काही आणायचं नव्हतं. आप्पा खूश. काच खाली करून बसलेले. "गियर खाली घे. आता दाब," असं सांगत होते. घाटाच्या अलीकडं चहा प्यायलो आणि माघारी फिरलो. येताना उंब्रजपाशी दिवा लागला. मला रडूच यायचं बाकी होतं.

पण तेव्हाच एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. एरवी दिव्याला खोटं म्हणणारे आप्पा इंजेक्शनच्या सकाळी मात्र दाराशीच विचारायचे, "दिवा लागलाय का गं?"

"लागलाय."

"मग र्‍हाऊ दे आज. वाटंत बंद पडली म्हंजी? पुढच्या आठवड्यात बघू."

एकदा मी ऐकलं होतं. तारीख आठवडाभर पुढं गेली होती. पुढच्या वेळी मी ऐकलं नाही. गाडी काढलीच. दिवा जळत होता. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलो, थोडं पुढं गेलो आणि ॲक्सिलेटर दाबला तरी गाडी उचलेना. मागून उसाचे ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न देत पुढं जायला लागले. कशीबशी एका हॉटेलासमोर बाजूला घेतली. 

"आता म्हणा, परत फिरू," मी म्हणाले. आवाज चढला होता. "तुम्हाला तेच पाहिजे होतं न्हवं?"

आप्पांनी पट्टा सोडला. मग म्हणाले, "आगं, सुई डोळ्याकडं येताना दिसती मला. दुसरं काय बी धड दिसत न्हाई, पर ती कडंनं येती ती दिसती. लय भ्या वाटतं."

दिव्याची ढाल करत होते ते.  त्यांनीच दार उघडलं, चाचपडत उतरले आणि म्हणाले, "चल. यष्टीनं जाऊ."

हॉटेलवाल्याला सांगून गाडी तिथंच ठेवली. आम्ही एसटीत उभ्यानं आष्ट्यापर्यंत गेलो, मग बसायला मिळालं. दवाखान्यात मी नर्सना त्यांची भीती सांगितली. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही खाली पायाकडं बघायचं, डॉक्टर वरच्या बाजूनं देतील." आणि मला आत उभं राहू दिलं. आप्पांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

हॉटेलापाशी परत येऊन गाडी सुरू करण्याआधी मी बॉनेट उघडलं. मला त्यातलं काही कळतं म्हणून नाही, काहीतरी करावं म्हणून. इंजिनाच्या मागच्या बाजूला उसाचं पाचट आणि चिपाडाचे कुरतडलेले तुकडे पडले होते. मी ते आप्पांच्या हातात दिले.

"उंदीर," डोळ्याला पट्टी असलेले आप्पा तुकडे चाचपत हसले. "ऊस तुटला की घर शोधत्यात."

हळूहळू गाडी कराडला आणली. वायरिंगवाल्यानं पाचट काढलं तेव्हा फिल्टरच्या सेन्सरची वायर खाल्लेली निघाली. गाडी हादरली की ती टेकायची, सुटायची, आणि फिल्टर भरल्याची खोटी खबर आत जायची. त्या दिवशी इंजिनानं त्याच खबरेवरून आपला जोर आपोआप कमी केला होता. वायर जोडली, वर जाड नळी चढवली. दिवा विझला.

आप्पांची नजर सुधारली नाही, पण त्यापुढं घटलीही नाही. पुढच्या तारखेला मी चावी शोधत बाहेर आले तर ते आधीच गाडीत बसलेले होते, पट्टा लावून. गुडघा सारखा हलत होता.

"चल लवकर," म्हणाले, "न्हाईतर मी उतरीन."