गाडी परत देताना

निवृत्तीनंतर ह्यांनी गाडी घेतली तेव्हा मी चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते. माझे मिस्टर रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होते. उभी नोकरी त्यांनी स्कूटरवरून शिफ्टला जाऊन काढली. आता घरी बसायच्या वयात गाडी कशाला, आणि तीही विजेवरची? हे म्हणाले, "जन्मभर धूर हुंगला गो. आता बिनधुराची घेऊ." शोरूममध्ये रंग निवडायला मात्र दीड तास लावला. मला सगळे निळे सारखेच दिसत होते. हे एकेका पत्र्याचा तुकडा दाराशी, उन्हात नेऊन बघत होते. लॅबमध्ये बाटलीतल्या पाण्याचा रंग बघायची सवय. शेवटी जो निळा घेतला त्याला ते म्हणाले, "पाऊस उघडल्यावर डोंगर दिसतो ना, तो हा."

वर्षभर त्यांनी ती चालवली. मग एका सकाळी फाटकातून बाहेर काढताना चाक सरळ गटारात गेलं. मी ओरडत बाहेर आले तर हे स्टिअरिंग धरून बसलेले. म्हणाले, "गटार दिसलंच नाय." साखर पंधरा वर्षांची. डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलंय, डाव्यालाही सूज आहे. दर महिन्याला पेणला येऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं ठरलं.

रोह्याहून पेणला महिन्याच्या महिन्याला कोण नेणार? मुलगी लग्न होऊन नाशिकला. मी चोपन्न वर्षांची, आयुष्यात सायकलही नीट न चालवलेली बाई. हेच म्हणाले, "हिला गिअर नाय, क्लच नाय. तू शिकशील." रविवारी एम.आय.डी.सी.तल्या आतल्या रस्त्यावर मी शिकले. हे शेजारी बसायचे. माझ्या हातावर कधी हात ठेवला नाही, आवाज चढवला नाही. समोरून टँकर आला की मी डोळे मिटायचे, तर हे शांतपणे म्हणायचे, "तू तुझ्या बाजूनं चाल. तो त्याच्या बाजूनं जाईल." पेणच्या आर.टी.ओ.त परीक्षा पास झाले त्या दिवशी ह्यांनी बाहेर हातगाडीवरचा वडापाव खायला घातला. स्वतःही खाल्ला, साखर विसरून.

मग दर महिन्याचा आमचा रस्ता ठरून गेला. भिसे खिंड, नागोठणं, गडब, वडखळ, पेण. दवाखाना बाजारातल्या अरुंद गल्लीत. मी ह्यांना दाराशी उतरवायची, तिथला कंपाउंडर हात धरून आत न्यायचा आणि मी गाडी लांब मैदानाशी लावून तिथेच थांबायची. परतताना हे मला वाटभर सांगत यायचे. "आता गडब आलं." "खिंड लागली, हळू घे." मला वाटायचं, चला, इंजेक्शनांनी गुण येतोय.

ह्या फेऱ्यांच्या दुसऱ्या वर्षी भात कापणीच्या सुमारास गाडीच्या कंपनीचा पहिला मेसेज आला. आमच्यासारख्याच एका गाडीने दुसऱ्या राज्यात उभ्या-उभ्या पेट घेतला होता. बॅटरीत दोष असू शकतो, म्हणून पूर्ण चार्ज करू नका, गाडी घराला लागून उभी करू नका, असं लिहिलं होतं. मी तो मेसेज दोनदा वाचून दाखवला. हे म्हणाले, "असू शकतो, असं लिवलंय. हाय असं नाय लिवलं." पण गाडी पोर्चमधून काढून आम्ही आवाराच्या टोकाला नेली. तिथे शेजाऱ्यांचा पेंढा रचलेला. शेजारीण कुंपणापाशी येऊन म्हणाली, "वैनी, राग मानू नका. पण गाडी तेवढी लांब लावा. आमची गुरं हायेत." मग फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला लावू लागलो. चार्जिंगची वायर ओढून नेताना मला उगाच चोरी केल्यासारखं वाटायचं.

अशी गाडी आमच्या भागात आणखी एकाकडे होती. गडबला हायवेवर त्याचं हार्डवेअरचं दुकान. सर्व्हिस सेंटरमध्ये ओळख झाली होती, पुढे फोनवर बोलणं होऊ लागलं. काही महिन्यांनी, उन्हाळ्यात, कंपनीचं पत्र आलं तेव्हा त्यानेच मला समजावून सांगितलं. "दोन रस्ते हायेत, वैनी. नवीन बॅटरी येईपर्यंत थांबायचं, पण कधी येईल ते त्यांनी लिवलेलं नाय. नायतर गाडी कंपनीच परत घेते आणि वापर बघून पैसे देते. मी तर देणार. दुकानात थिनरचे डबे हायेत माझ्या."

हे म्हणाले, "आपण थांबू."

मी त्यांना आठ-दहा दिवस समजावत होते. हे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, थांबू. एका दुपारी मी वायर काढायला गेले तर प्लग हाताला गरम लागला आणि जळका वास आला. पळत मागे सरले. नंतर कळलं, वास पलीकडे कुणी कचरा पेटवला होता त्याचा. पण तेव्हा मी तशीच घरात धावले. हे खुर्चीवर रेडिओ ऐकत बसले होते. मी म्हणाले, "अहो, चालत्या गाडीत आग लागली तर मी उडी मारीन. तुम्हाला दार तरी सापडेल का?"

हे वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी काय दिलं नसतं. ह्यांनी हात लांब करून रेडिओ बंद केला. म्हणाले, "देऊन टाक. फोन कर त्यांना."

फॉर्म मोबाइलवर भरायचे होते. आर.सी.चा फोटो, आधारचा फोटो, मीटरवरच्या आकड्याचा फोटो, चारी बाजूंनी गाडीचा फोटो. दोनदा फॉर्म परत आला. एकदा फोटोत माझी सावली पडली म्हणून, एकदा मीटरचा आकडा अस्पष्ट म्हणून. तिसऱ्यांदा मंजूर झाला. मग तारीख आली. गाड्या पेणच्या बाहेर, हायवेलगतच्या एका आवारात स्वतः आणून द्यायच्या, बॅटरी अर्ध्याहून कमी भरलेली असावी, आणि मालकाने जातीने हजर राहावं.

आदल्या दिवशी ह्यांनी गाडी धुतली. मला हात लावू दिला नाही. बादली घेऊन, तळव्याने पत्रा चाचपत, सगळीकडून पुसून काढली. मागच्या काचेवर कावळ्याची शीट तशीच राहिली होती. हे आत गेल्यावर मी ती गुपचूप पुसली. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

सकाळी निघालो. मी खणातून डोळ्यांच्या थेंबांची बाटली, साखर उतरली तर द्यायच्या लिमलेटच्या गोळ्या आणि छत्री काढून पिशवीत भरली होती. खिंडीत धुकं होतं. हे काच खाली करून बसले होते. एरवी बोलत यायचे तसे बोलले नाहीत. नागोठण्याच्या पुढे फक्त एवढंच म्हणाले, "छान चालवतेस आता. आवाजावरून कळतं."

आवारात मांडव घातला होता. खुर्च्या, टेबलं, पाण्याचे जार, लग्नासारखं सगळं. एका बाजूला आमच्यासारख्या पाच-सहा गाड्या ओळीने लावलेल्या. गडबवाला दुकानदार आधीच आला होता. टेबलामागे कंपनीची एक मुलगी बसली होती, माझ्या मुलीएवढी. तिने गाडी तपासून घेतली, किल्ली मागितली. मी माझी दिली. ती म्हणाली, "दुसरी पण लागेल, मॅडम." ती कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. ह्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून काढून टेबलावर ठेवली. गाडी चालवणं सोडून दोन वर्षं होत आली होती. किल्ली खिशातच होती.

"काका, इथे सही करा." मुलीने पेन दिलं आणि चौकोनावर बोट ठेवलं. ह्यांनी वाकून सही केली. सही चौकोनाच्या वर, छापलेल्या ओळींवर गेली. मुलीने दुसरा कागद दिला. आता मी त्यांचं मनगट धरून पेन चौकोनात टेकवलं, तर दुसरं अक्षर पहिल्यावरच चढलं. "खरेदीच्या कागदांवरच्या सहीशी जुळत नाही हो. सिस्टीम घेणार नाही," ती हळूच म्हणाली. हे हसले. "पेन बरोबर नाय तुमचं. मला एकट्याला करू दे." मी हात काढून घेतला. तिसऱ्या खेपेला त्यांनी कागदाची कडा डाव्या हाताने चाचपली, मान वर केली, आणि सही सुरू केली ती कागदाच्या बाहेर, टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर. पूर्ण नाव, आडनाव, खाली रेघ. लॅबच्या रिपोर्टांवर रोज करायचे तशी, सुंदर.

ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी ह्यांच्याकडे बघत होते. हे समोर बघत होते, जिथे कुणीच नव्हतं.

"अंगठा चालेल," मुलगी म्हणाली. "दोन साक्षीदार लागतील." एक मी, एक दुकानदार. तिने स्टॅम्प पॅड पुढे केलं. ह्यांनी स्वतःहून अंगठा वर धरला आणि मला म्हणाले, "लाव तू." मी त्यांचा अंगठा शाईवर दाबला आणि कागदावर दाबला. आमच्या घरात सासऱ्यांनी अंगठा उठवलेला मी बघितला होता. त्यांना लिहिता येत नव्हतं. ह्यांनी शिकावं म्हणून ते शेताच्या बांधावरून शाळेपर्यंत सोडायला जायचे, असं हेच मला सांगायचे.

गाडी नेताना आम्ही बघत थांबलो नाही. दुकानदाराने रिक्षा करून आम्हाला स्टँडवर आणलं आणि रोह्याच्या एस.टी.त बसवलं. तोही त्याच एस.टी.ने गडबपर्यंत आला. उतरताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "साहेब, येत जा दुकानावर." एवढंच.

तो उतरल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"काय?"

"अहो, मला विचारायला लावू नका."

हे अंगठ्यावरची शाई दुसऱ्या बोटाने चोळत होते. "उजवा तर आधीच गेला. डावा शिमग्याच्या आसपास. आता उजेड-अंधार तेवढा कळतो."

"डॉक्टरांना ठाऊक आहे?"

"त्यांनीच सांगितलं. आता इंजेक्शनाचा उपयोग नाय म्हणाले. तू गाडी लावायला गेली होतीस."

"मग त्यानंतरही आपण तीनदा पेणला आलो."

"व्हय. आत बाकड्यावर बसून राहायचो अर्धा तास. कंपाउंडर चांगला हाय बिचारा, चहा द्यायचा."

"आणि गडब आलं, खिंड आली म्हणून सांगायचात ते?"

"वळणं कळतात. गतिरोधक मोजले की कळतं."

"का पण? मला का नाही सांगितलंत?"

बस वळणावर कलली. ह्यांनी पुढच्या सीटची दांडी धरली. "सांगितलं असतं तर पेणला यायचं कारणच संपलं असतं गो. महिन्यातून एक दिवस तू गाडी चालवायचीस, मी बाजूला बसायचो. तुला चालवताना तरी माझ्या डोळ्यांची काळजी नसायची." मग म्हणाले, "त्या दिवशी तू दाराचं बोललीस ना, तेव्हा वाटलं हिला कळलं."

मी रडले. बसमध्ये, धाटावच्या दुसऱ्या पाळीला निघालेल्या लोकांच्या देखत. ह्यांना ते ऐकू आलं असणार. त्यांनी हात पुढे केला, तो माझ्या पिशवीवर पडला, आणि तिथेच ठेवला.

पैसे महिन्याभराने आले, ठरले तेवढेच. त्यात कंपनीने काही फसवणूक केली असं मी म्हणणार नाही. मुलगी म्हणाली, दुसरी घ्या, पेट्रोलवरची. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "कुठं जायचंय?" मी बरेच दिवस त्यांच्यावर रागावलेले होते आणि स्वतःवर त्याहून जास्त. जेवण वाढायचे, औषध द्यायचे, बोलायचे नाही. मग एक दिवस ते न्हाणीच्या उंबऱ्यावर अडखळून पडले, आणि त्यांना उठवता उठवता राग कुठे गेला ते मलाही समजलं नाही.

परवा गडबच्या दुकानदाराने मोबाइलवर एक फोटो पाठवला. त्याला कुणीतरी पाठवलेला. मोठं मैदान, त्यात परत घेतलेल्या गाड्यांच्या रांगाच रांगा, बॅटऱ्या काढलेल्या, काहींची दारं उघडी. पांढऱ्या, लाल, निळ्या. मी फोटो मोठा करून करून बघत होते.

"काय आलंय?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही, कुणाच्या तरी वाढदिवसाचं," मी म्हणाले. म्हणाले आणि थांबले. मग त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि फोटोत जे होतं ते सगळं सांगितलं, एकेक रांग.

"आपली दिसते?"

"नाही. निळ्या खूप आहेत."

"बघ जरा नीट," हे म्हणाले.

मी पुन्हा पहिल्या रांगेपासून बघायला लागले.