आत्याची उपकारस्तुती

माझी आत्या चोवीस वर्षं बस स्थानकावर घोषणा करायची. काचेची खोली, एक खुर्ची, एक माइक, भिंतीवर वेळापत्रक आणि कोमट पाण्याची बाटली, एवढंच तिचं राज्य. सतरा थांब्यांची नावं एका दमात घ्यायची, आणि सतरावं नावही पहिल्याइतकंच खणखणीत. ड्रायव्हर तिला भोंगाताई म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता. "भोंगा आहे म्हणून तुम्ही चहा सोडून गाडीवर चढता," असं ती त्यांना ऐकवायची.

घरातही तीच तऱ्हा. काका, म्हणजे तिचे यजमान, घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावलं की दिवसभर तोंडातून शब्द नाही. दोघांच्या वाटचं आत्याच बोलायची, आणि भांडायचीही दोघांच्या वाटचं.

मग तिचा आवाज बसला. गरम पाणी, गुळण्या, काढे यांत पाच महिने गेले आणि शेवटी घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव हवा असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल. काका तिथेच रडायला लागले. आत्याने फक्त विचारलं, "कधी?"

ऑपरेशनच्या दिवशी आजीने, आत्याच्या आईने, दवाखान्याच्या बाकावर जपमाळ हातात घेऊन नवस केला. पोरगी वाचली तर डोंगरावरच्या देवमातेच्या चर्चमध्ये सगळ्यांना घेऊन येईन आणि सगळ्यांसमोर उपकारस्तुती करीन, देवमातेचे जाहीर आभार मानीन.

आत्या वाचली. गळ्याच्या खालच्या भागात श्वासासाठी एक भोक राहिलं, त्यावर ती रुमाल बांधायची. बोलायला एक यंत्र मिळालं, छोट्या बॅटरीएवढं. ते हनुवटीखाली दाबायचं, बटण धरायचं आणि ओठ हलवायचे. मग आवाज यायचा, सपाट, गुणगुणणारा, ना बाईचा ना पुरुषाचा. पहिल्यांदा यंत्र लावलं तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. आत्या म्हणाली, "भोंग्याचा भुंगा झाला."

कुणीच हसलं नाही. पुढे कधीतरी तिने मला सांगितलं, "त्या दिवसाइतकं वाईट मला कधी वाटलं नाही. अगं, विनोद केला होता मी."

खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. लोक तिच्याशी बोलेनासे झाले. कापडाच्या दुकानात दुकानदार ताईला, म्हणजे आत्याच्या मुलीला, विचारायचा, "यांना कुठला रंग हवाय?" आणि ताई सांगून मोकळी व्हायची. ताई वाईट नव्हती. शाळेच्या ऑफिसात कारकून होती, चारचौघांत कुणी वळून बघितलं की तिचा जीव अर्धा व्हायचा. तिने आईच्या पिशवीत एक वही आणि पेन टाकून ठेवलं होतं. "बाहेर लिहून दाखव ना आई. भुंगा घरात वापर."

कामावर आत्याला जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. काचेच्या खोलीत कुणा अनोळखी बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज लागला. आणि घरात तिच्याशी कुणी भांडेना. मिठावरून कुरापत काढली तरी काका मान हलवायचे, "बरोबर आहे तुझं." आत्या वैतागायची. "तीस वर्षांत हा माणूस मला कधी बरोबर म्हणाला नव्हता!"

वर्ष झालं. तपासणीत सगळं स्वच्छ निघालं. आजीने नवसाची आठवण केली तेव्हा शेजारीण म्हणाली, "कसले आभार? आवाज तर गेला." काकाही घुटमळले. आत्याने भुंगा उचलला. "जायचं. पण आभार मी मानणार. मी. दुसऱ्या कुणी माझ्या वतीने तोंड उघडायचं नाही."

आम्ही पाच जण सकाळच्या बसने निघालो. डोंगराच्या पायथ्याशी मेणाच्या वस्तूंची दुकानं होती. ज्याचा जो अवयव बरा झाला, त्याने तो मेणाचा घेऊन वर वाहायचा. हात, पाय, डोळे, हृदयं, सगळं ओळीने मांडलेलं. आत्याने विचारलं, "गळा?"

दुकानदारीण भुंग्याच्या आवाजाने दचकली आणि ताईकडे बघत म्हणाली, "गळा येत नाही. डोकं घ्या, डोक्यात सगळं येतं."

"डोकं ठीक आहे माझं," आत्या म्हणाली. मग तिने एक साधी मेणबत्ती घेतली आणि चालू लागली.

दोनशे बारा पायऱ्या. रुमालाखालून तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. प्रत्येक वळणावर थांबायची, कमरेवर हात ठेवून पुन्हा निघायची. दोन सेवेकरी उचलायची खुर्ची घेऊन धावत आले. आत्याने आजीकडे बोट दाखवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी फणकारली, "मला काय धाड भरलीय?" शेवटी त्या खुर्चीत आमचे जेवणाचे डबे बसले आणि आमच्या आधी वर पोहोचले.

चर्च भरलेलं होतं. मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, झाल्यावर उपकारस्तुतीची रांग लागायची. एकेकाने वेदीच्या बाजूच्या माइकवर जाऊन दोन वाक्यं बोलायची. दाराशी एक सेवेकरी नावं लिहून घेत होता, छातीवर बिल्ला, चेहऱ्यावर घाई. आत्याने भुंगा लावून नाव सांगितलं तशी त्याची लेखणी थांबली. तो ताईला म्हणाला, "यांच्या वतीने तुम्ही बोला ना. नाहीतर चिठ्ठी द्या, मी वाचतो. हा आवाज माइकमधून कसा वाटेल? लोकांची भक्ती मोडते."

ताईने खाली बघत पिशवीतून वही काढली. आत्याने ती तिच्या हातातून घेतली, पुन्हा पिशवीत टाकली आणि सेवेकऱ्याला म्हणाली, "जीव माझा वाचला. तुमचा नाही."

आणि रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या पुढे एक मुलगी परीक्षेत पास झाली म्हणून आभार मानत होती, एका गवंड्याचं परांचीवरून पडूनही हाड मोडलं नव्हतं. लोक प्रत्येकाला "आमेन" म्हणत होते. मग आत्या माइकपाशी आली. सवयीने तिने माइक थोडा बाजूला वळवला, भुंग्याची गुणगुण थेट त्यात जाऊ नये म्हणून.

"देवमाते," ती म्हणाली.

तो आवाज छतापर्यंत गेला. माना वळल्या. पुढच्या बाकावरची एक छोटी मुलगी खिदळली, तिच्या आईने तिला चिमटा काढला. आणि खट्‌ झालं. भिंतीशी बटणांच्या फळीजवळ उभ्या त्या सेवेकऱ्याने माइक बंद केला होता.

चोवीस वर्षं माइकसमोर बसलेल्या बाईला माइक बंद झालेला कळणार नाही? आत्याने भुंगा खाली घेतला. ती जागची हलली नाही. सेवेकऱ्याने हाताने 'झालं, चला' अशी खूण केली. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मागची रांग अडली. कुणी खोकलं, कुणी बाक सरकवलं. म्हातारे फादर चष्मा पुसायला लागले.

तेवढ्यात आजी जागेवरून ओरडली, "अहो, माइक लावा! माझी मुलगी बोलतेय, मला ऐकू येत नाहीये!"

ताई उठली. मला वाटलं, आईला हाताला धरून आणायला निघाली. पण ती भिंतीकडे गेली. अख्खं चर्च तिच्याकडे बघत होतं, तिचे कान लाल झाले होते. ती सेवेकऱ्याला म्हणाली, "सरका." तो सरकला नाही, तेव्हा तिने त्याच्या हाताखालून हात घालून बटण दाबलं आणि तिथेच फळीला पाठ लावून उभी राहिली.

आत्याने भुंगा पुन्हा हनुवटीखाली धरला.

"देवमाते, मी जगले. त्याचे आभार. माझ्या आईने, नवऱ्याने, मुलीने, भाचीने वर्षभर मला सांभाळलं. त्याचे आभार." ती थांबली. गळ्यातला श्वास सगळ्यांना ऐकू आला. "आवाज नेलास. त्याचे आभार मी मानणार नाही. ते आपण घरी बोलू."

"आमेन!" आजी सगळ्यांच्या आधी म्हणाली. मग एकेक करून लोक म्हणाले, काही जोरात, काही जरा बिचकत. फादरांनी आत्याच्या कपाळावर क्रुसाची खूण केली आणि हळूच म्हणाले, "घरी काय ठरलं ते मलाही कळवा."

सेवेकरी मात्र बदलला नाही. बाहेर पडताना पुन्हा आडवा आला. "पुढच्या वेळी चिठ्ठीच द्या. नियम आहे."

"पुढच्या वेळी याहून लांब बोलेन," आत्या म्हणाली.

परतीच्या बसमध्ये आत्याने खिडकी उघडली. ताई म्हणाली, "लाव ती. धूळ जाईल आत."

"नाही लावत. उकडतंय."

"आई, वेड्यासारखं करू नकोस. गळ्याला भोक आहे तुझ्या!"

"माझ्या गळ्याला आहे ना? तुझ्या नाही ना?"

"मग खोकत बस रात्रभर! मी नाही उठणार."

"नको उठूस!"

आवाज चढला. एक भुंगा, एक माणूस, आणि अख्खी बस ऐकतेय. काका मागून म्हणाले, "दोघी गप्प बसा, डोकं उठवलंत." आत्याने त्यांच्याकडे वळून बघितलं. वर्षभरात तिच्यावर कुणी खेकसलं नव्हतं. खिडकी अर्धी लावली, अर्धी उघडी ठेवली.

त्याच आठवड्यात तिने साहेबांकडे अर्ज दिला: फायली नकोत, चौकशीची खिडकी द्या. साहेब म्हणाले, लोकांना समजणार नाही. ती म्हणाली, आधीचा खिडकीवाला तोंडात काहीतरी चघळत बोलायचा, तो कुठे समजायचा? खिडकी मिळाली. सुरुवातीला लोक चमकायचे, मग गाडीच्या घाईत विसरायचे. एखाद्याला समजलं नाही तर ती दोनदा सांगायची. तिसऱ्यांदा कुणी विचारलं तर म्हणायची, "कान दाखवून घ्या."

सहा वर्षांनी ती त्याच खिडकीवरून निवृत्त झाली. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "यांचा स्वभाव अत्यंत शांत." आत्या खुर्चीतून उठली, भुंगा लावला आणि त्यांचं वाक्य तिथल्या तिथे दुरुस्त केलं.