रेशनकार्डाच्या पिशवीतलं कार्ड
स्पिरिटचा वास आला की मानोरा गावाजवळच्या तांड्यावरची, मी शिकवायचो ती शाळा आठवते. पोरं तपासायला येणारी डॉक्टरांची गाडी बंद होणार होती, "अर्धी पोरं ऊसतोडीला जातात, मग खर्च कोणासाठी?" असं शाळेत आलेले आरोग्य खात्याचे साहेब विचारत होते. तेवढ्यात तांड्यावरच्या बाया आल्या आणि एकेकीने रेशनकार्डाच्या पिशवीतून पोराचं तपासणीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. फडावर पालात राहूनही एकाही कार्डाला डाग नव्हता. "आमाले वाचता येत नाई," एक म्हणाली, "पन फडावर पोरगी निळी पडली, तवा तिथल्या डाक्टरनं तिचं काळजाचं दुखनं याच्यावरच लिवलेलं पाह्यलं. म्हून जित्ती हाये." साहेबांनी उभं राहून ते कार्ड दोन्ही हातांत घेतलं. गाडी अजून येते. मी मास्तर, माझ्या लेकाचं कार्ड घरात कुठं आहे, ते मात्र मला विचारू नका.