मान्गुबानेचं हिरवं प्रवाळ

डर्बनजवळच्या उमलाझीत मान्गुबानेचं घर कुणालाही विचारा. "समुद्रवाली ना?" म्हणत लोक थेट दारापर्यंत आणून सोडतात. दिवसभर डर्बनच्या रस्त्यांवर बस चालवायची आणि घरी आल्यावर गणवेशही न बदलता खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीपुढे बसायचं, हा तिचा नेम. टाकीतलं मेंदूसारख्या वळ्यांचं हिरवं प्रवाळ तिनं नखाएवढं आणलं होतं. वाढवत वाढवत ते बशीएवढं केलं होतं.

ख्रिसमसला एका मैत्रिणीनं तिला दुसरं एक प्रवाळ दिलं. मऊ, गुलाबीसर, इवल्या मुठींची सारखी उघडझाप करणारं.

"बघ, टाळ्या वाजवतंय तुझ्यासाठी!" तिचा नवरा शेझी म्हणाला.

इस्टर येईतो त्या टाळ्यांनी सगळे दगड झाकून टाकले. हिरव्या प्रवाळाची एक कड त्यांच्याखाली गेली आणि पांढरी पडू लागली. मान्गुबानेनं रागानं ते गुलाबी प्रवाळ मूठमूठ उपटून काढलं. पण सुटलेले तुकडे जिथे पडले तिथेच रुजले.

प्रवाळ विकणारा दुकानदार म्हणाला, "मा, सगळे दगड उन्हात वाळवा आणि नव्यानं सुरुवात करा."

"आणि माझं प्रवाळ?"

"ते नवं घ्या."

"तुझ्या पोराचा पाय मोडला तर तू नवं पोर आणतोस का?" असं म्हणून ती बाहेर पडली.

त्यानंतर काही दिवस तिनं टाकीत हात घातला नाही, नुसती बघत बसली. बघता बघता लक्षात आलं, की हे गुलाबी प्रवाळ दगडावरून दगडावर चढतं, पण मोकळ्या वाळूवरून पुढे जात नाही. मग तिनं दगड एकमेकांपासून लांब सरकवले. हिरव्या प्रवाळाचा दगड टाकीच्याच पाण्याच्या बादलीत घेतला, बोथट सुरीनं गुलाबी थर सोलला, दात घासायच्या ब्रशनं खाचा घासल्या. मोठे दगड हलेनात. त्यांना चपटे खडे टेकवून ठेवले. गुलाबी प्रवाळ खड्यावर चढलं, की खडाच बाहेर. उरलेलं खरवडताना शेझी पाणी ओढणारी नळी धरायचा.

"जवळ धर, शेझी! एक तुकडा निसटला तर जेवण बंद!"

"उतारूंवर ओरडतेस तशी माझ्यावर ओरडू नकोस. मी तिकीट काढलंय!"

ते पुन्हा उगवायचं, ती पुन्हा खरवडायची. असे कितीतरी रविवार गेले. अखेर एके दिवशी पांढऱ्या कडेवर हिरवी साय धरलेली दिसली. मान्गुबाने काचेला कपाळ टेकवून उभी राहिली.

पुढे शहरातले अशा टाक्या ठेवणारे तिच्याकडे प्रवाळ बघायला आले. एकीनं विचारलं, "औषध कुठलं घातलंत, मा?"

"औषध कसलं? हे हात बघ," मान्गुबाने म्हणाली. मिठानं भेगाळलेले दोन्ही हात तिनं ताठ मानेनं पुढे केले.

मग दिवा मंद करून तिनं हिरव्या प्रवाळाजवळ कोळंबीचा तुकडा सोडला. बारीक सोंडा बाहेर आल्या आणि तुकडा हळूहळू आत गेला.

"खातंय," ती म्हणाली. "या, पुढे या. मागच्यांनाही दिसू दे."