चंद्रीचा उजवा पाय

आता तुम्ही हसणार, हे ठाऊक असूनही सांगतो. निदान चहा संपेपर्यंत तरी अब्रू राहू द्या!

मी अकोल्याला, पुढे गुराढोरांचे डॉक्टर होणाऱ्या पोरांना शरीरशास्त्र शिकवतो. डोळे मिटतो, म्हशीचं कुठलंही हाड हातात द्या, नाव सांगतो. अशी माझी ऐट!

वरूडकडच्या शांताकाकूंची चंद्री म्हैस म्हातारी होऊन गेली. तिचा सांगाडा पोरांना शिकायला मिळावा म्हणून मी काकूंपुढे हात जोडले. त्या म्हणाल्या, "न्या. पण उभी केली का मले बोलवा. पोरीवानी वाढवली म्या तिले."

चंद्रीला पुरलं, वर्षानं हाडं काढली, धुतली, तारेनं जोडली. मागच्या डाव्या पायात, खुरांच्या वरच्या लांब नळीवर, जुन्या मोडीची गाठ दिसली. मी लगेच पाटी लावली, 'डाव्या पायाचा जुना अस्थिभंग. त्यामुळे म्हैस उजव्या पायावर भार देत असे.' हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही! विद्वत्ता हो, दुसरं काय?

काकू आल्या. ठेवणीतलं लुगडं, पिशवीत संत्री. चंद्रीच्या कपाळाच्या हाडावरून त्यांनी हात फिरवला. वर्गातली पोरं भोवती उभी होती. मग काकू मागच्या बाजूला गेल्या आणि थबकल्या.

"डाक्टरसाहेब, हे काय करून ठेवलं? मोडला तो तं उजवा पाय होता!"

"काकू, जुनी गोष्ट. तुम्हाला नीट आठवत नसेल."

"मले आठवत नाही? लहान वगार होती, तवा खड्ड्यात पडली. बांबूच्या कामट्या बांधून महिनाभर सांभाळला म्या तो पाय!"

"अहो, पण शास्त्र सांगतं की..."

"मंग शास्त्राले इचारा, गोठ्यात तवा कोन होतं?"

पोरं माना खाली घालून खुसुखुसु हसायला लागली. मी तार सोडली, नळी उजेडात धरली. डावी-उजवी नळी म्हणजे जुळ्या बहिणी, ओळखायची खूण बारीक. ती खूण मी दरवर्षी पोरांना शिकवतो. स्वतः मात्र पाहिली नव्हती! नळी उजवीच होती. दोन्ही नळ्यांची मी अदलाबदल केली होती.

सगळ्या वर्गासमोर चंद्रीचे पाय बदलले. काकूंनी नळी धरली, मी तार आवळली. पाटी मी हळूच खिशात घातली.

"आता बरी उभी रायली माही बाई," काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं.

गेल्या महिन्यात सांगाडा धुवायला उतरवला. परत जोडण्याआधी दार लावून घेतलं आणि काकूंना फोन केला.

"उजवा," त्या म्हणाल्या. "अन् जोडला का फोटो धाडा. मी तपासून देतो."

धाडला. आधी दोन निळ्या खुणा आल्या, मग अंगठा. इतकी वर्षं शरीरशास्त्र शिकवतोय, पास मात्र गेल्या महिन्यात झालो!