कुमारीचा पंचनामा

आमच्या दारावर पहारा बसला तो शेजारणीच्या घंगाळामुळं. उमरग्यात तेव्हा हैदराबाद रस्त्यावर ट्रकांची ये-जा वाढली होती आणि भरदुपारी, पुरुषमंडळी दुकानात असताना, शेजारच्या परसातून तांब्याचं घंगाळ गेलं. शेजारीण आठ दिवस त्या घंगाळाचे गुण गात गल्लीभर फिरली. गेलेली म्हैस जास्त दूध देते म्हणतात, तसं ते घंगाळही रोज मोठं होत गेलं. माझ्या सासऱ्यांची भुसार मालाची अडत होती. गावभर त्यांना अप्पा म्हणत, घरातही तेच. आपल्या परसात तसली तीन घंगाळं उघड्यावर पडली आहेत हे अप्पांच्या ध्यानात आलं आणि त्यांची दुपारची झोप उडाली.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे जमादार राहत. निजामाच्या पोलिसात उभी हयात गेलेली. संस्थान विलीन झालं, पुढं आमचा भाग मुंबई राज्यात गेला आणि जमादार पेन्शनीत गेले. पण पेन्शनीत त्यांचा जीव रमेना. सकाळी नातवंडांची हजेरी घ्यायचे, सुना पाण्याला निघाल्या की किती घागरी आणि परत कधी ते विचारायचे, भाजीत मीठ जास्त झालं की जबाब मागायचे. शेवटी त्यांचा मुलगाच अप्पांकडं आला आणि हात जोडून म्हणाला, की पगार द्या न द्या, पण वडलांना दिवसभर तुमच्या दाराशी बसवून घ्या. अप्पा पडले व्यापारी. इतक्या स्वस्तात पोलीस मिळतो म्हटल्यावर त्यांनी पुढचा विचारच केला नाही.

जमादार दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला हजर झाले. अंगात जुना खाकी कोट. छातीवरचा बिल्ला काढलेला होता, पण त्या जागेचं कापड विटलं नव्हतं, त्यामुळं बिल्ला नसूनही दिसायचा. त्यांनी एक बाकडं, एक रजिस्टर, मेणबत्ती आणि लाख मागितली. लाख म्हटल्यावर माझ्या सासूबाईंना वाटलं, हा माणूस फावल्या वेळात बांगड्या करणार. सासूबाई कर्नाटकातल्या, त्यांना सगळे अव्वा म्हणत. लाख मोहर करायला लागते हे कळल्यावर अव्वांनी विचारलं, मोहर कशावर? जमादार म्हणाले, वखत आला की कळेल.

वखत यायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी ताकवाली अडली. तिच्या मडक्यात ताकच आहे याची खात्री करायला जमादार एक वाटी प्यायले, आणि ती तपासणी पुढं रोज होऊ लागली. दुसऱ्या दिवशी अव्वांचे सख्खे भाऊ आळंदहून आले, तर त्यांना, आत इत्तिला गेली आहे, जबाब येईपर्यंत थांबा, असं सांगून उन्हात उभं केलं. इत्तिला म्हणजे वर्दी, ती गेलीच नव्हती. ती न्यायला दुसरा शिपाई लागतो आणि जमादार एकटेच होते. मामा अर्धा तास उन्हात उभे राहिले. नंतर ते अव्वांशी कानडीत जे बोलले ते मला समजलं नाही, पण अव्वांनी कानावर हात ठेवले.

मग मांजरानं दूध सांडलं. अशा वेळी घरातलं माणूस फार तर मांजराला काठी दाखवतं. जमादारांनी पंचनामा केला. समोरचा शिंपी आणि पिठाच्या गिरणीवाला असे दोन पंच बोलावले, दुधाच्या थारोळ्याचं वितीनं माप घेतलं, पातेलं फडक्यात बांधून लाखेनं मोहरबंद केलं. लिहायचे ते उर्दूत, आणि सही करण्याआधी वाचून दाखवायचे. मुलजिम मांजर, रंग करडा, शेपूट अर्धी, फरार. ते पातेलं चार दिवस मोहरबंद राहिलं आणि अव्वा चार दिवस कढईत दूध तापवत होत्या. मी पदर तोंडात कोंबून हसले. मुद्देमाल म्हणजे काय आणि तो किती दिवस अडकतो हे तेव्हाच शिकून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

कारण त्या घरात मीसुद्धा एका गोष्टीची वाट बघत होते. माझे वडील बेंबळीला शाळामास्तर. त्यांनी मला सातवीच्या परीक्षेला बसवलं, मी पास झाले, आणि लग्नाआधीच मुलींच्या शाळेत मास्तरणीच्या जागेसाठी अर्ज केला. लग्न ठरताना वडलांनी ही गोष्ट काढली तेव्हा अप्पा म्हणाले होते, "हुकूम आला तर पाठवीन, माझी जबान." सरकारी हुकूम असे येत नसतात हे अप्पांना ठाऊक होतं, म्हणून जबान द्यायला त्यांना जड गेलं नाही. अव्वांना मात्र तेवढंही पसंत नव्हतं. सून पगार आणायला लागली तर लोक म्हणतील अडत बुडाली, असं त्या मला ऐकू जाईल अशा बेतानं तव्याला सांगायच्या.

दीड वर्ष झालं. टपालवाल्याच्या सायकलची घंटी वाजली की माझी भाकरी करपायची. रागही यायचा. शाळेत शिकवायला मिळणारच नव्हतं तर मला शिकवलं कशाला, असा वडलांवर यायचा, आणि ते समोर नसल्यामुळं पिठावर निघायचा.

आणि एक दिवस हुकूम आला. मला मात्र पत्ताच नव्हता.

झालं होतं असं. हुकूम गेला बेंबळीला, माहेरच्या पत्त्यावर. वडलांनी तो नव्या पाकिटात घालून इकडं पाठवला. पण वडील मास्तर, आतल्या कागदावर जे नाव तेच बाहेर पाहिजे अशी त्यांची शिस्त. त्यांनी पाकिटावर माझं माहेरचं नाव लिहिलं, मागं कुमारी लावलं, आणि खाली मार्फत म्हणून अप्पांचं नाव घातलं. लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून पंगतीला वाढले आणि नवं नावही त्यांच्याबरोबर संपलं. ते कुणी हाक मारायला वापरलंच नाही. मी घरात 'अगं' होते आणि पाहुण्यांपुढं 'सून'. जुनं नाव पत्रिकेत छापलेलं होतं, पण पत्रिकेत लोक जेवण कधी तेवढंच बघतात.

टपालवाल्यानं पाकीट जमादारांच्या हातात दिलं. जमादारांना मराठी अक्षरं एकेक करून लागत. त्यांनी बराच वेळ लावून 'कुमारी' एवढं वाचलं आणि त्यांच्या अंगातला पोलीस जागा झाला. त्यांनी अप्पांना बाजूला घेऊन विचारलं, घरात कुमारी किती? अप्पा म्हणाले, एकही नाही, गोठ्यात एक कालवड आहे तेवढी. मग जमादारांनी पुढचं एक नाव कसंबसं लावून हळूच सांगितलं, आडनावापर्यंत ते पोचलेच नव्हते. अप्पांना ते आठवलं नाही. अव्वांनाही आठवलं नाही. घरात कुमारी नाही आणि कुमारीच्या नावानं पत्र येतं, त्या अर्थी घरातल्या तरण्या पुरुषाची काहीतरी भानगड आहे, असा जमादारांनी निष्कर्ष काढला. घरात तरणा पुरुष एकच, आमचे हे. पाकीट फडक्यात बांधून मोहरबंद झालं.

तीन दिवस गुप्त तपास चालला. गुप्त म्हणजे मी सोडून सगळ्यांना माहीत होता. अव्वा अचानक माझ्या पानात तूप जास्त वाढायला लागल्या, आणि मला वाटलं माझ्याविषयी काही वाईट बातमी आली आहे. अप्पा मुलाशी बोलेनात. ह्यांना तर जमादारांनी गोठ्यात नेऊन विचारपूस केली. ह्यांचा स्वभाव असा, की कुणी डोळे वटारले तर न केलेलंही कबूल करतील. घाबरून त्यांनी सांगून टाकलं, की सोलापूरच्या एसटीत एकदा एका मुलीला बसायला जागा दिली होती. जमादारांनी तेही लिहून घेतलं आणि मुलीच्या लुगड्याचा रंग विचारला. ह्यांना तो आठवत होता, हे त्यांनी मला लग्नाला वीस वर्षं झाल्यावर सांगितलं.

चौथ्या दिवशी, चारच्या सुमाराला, ओसरीवर पंचनाम्याचा थाट मांडला. सतरंजी, शिंपी, गिरणीवाला, मध्ये ते मोहरबंद गाठोडं. अप्पा खांबाला टेकून, हे मान खाली घालून. अव्वा आणि मी माजघराच्या दाराआड. तेव्हा कुठं अव्वांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, की पोरी, पुरुषाची जात, मनाला लावून घेऊ नको. ह्यांची मान बघून तर मला सगळं खरंच वाटलं. घटकाभर मी मनातल्या मनात बेंबळीच्या एसटीत जाऊन बसलेसुद्धा.

जमादारांनी मोहर फोडली, पाकीट हातभर लांब धरलं आणि एकेक अक्षर जोडत नाव वाचलं.

ते नाव मी दीड वर्षात ऐकलं नव्हतं. आधी मला ते कुणा दुसरीचंच वाटलं, आणि मी तिच्यावर चिडलेसुद्धा. मग वडलांचं नाव आलं, आडनाव आलं, आणि माझा हात दाराच्या कडीवर घट्ट झाला. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सासऱ्यांपुढं, दोन परक्या पुरुषांपुढं ओसरीवर आले.

"ती मीच हाय," मी म्हणाले.

गिरणीवाल्यानं विडी विझवली. ह्यांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि ते हसायलाच लागले, सुटल्यासारखे. पण जमादार हसले नाहीत. "असं म्हणून भागत न्हाय, सूनबाई. कायदा हाय. उमर, पेशा, बापाचं नाव, खाविंदाचं नाव. ह्याबगैर जबानी होत न्हाय."

बापाचं नाव सांगितलं. खाविंदाचं म्हणजे नवऱ्याचं नाव कसं सांगणार? बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही, आणि सासऱ्यांपुढं तर नाहीच. शिंपी म्हणाला, सगळ्यांना माहीत आहे, तुम्हीच लिहा. जमादार म्हणाले, पंचाला माहीत असून उपयोग नाही, मुद्देमाल जिचा तिनं सांगितलं पाहिजे. पाकीट त्यांच्या मुठीत. मला हुंदका आणि संताप एकदमच आला आणि त्या भरात उखाणा बाहेर पडला:

"जमादारांनी मांडला पंचांचा थाट,
…रावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

नाव इथं लिहीत नाही, तेव्हा घेतलं तेवढं पुरे. शिंप्यानं वाहवा केली. जमादारांनी उखाणा शब्दन् शब्द उर्दूत उतरवून घेतला, 'थाट'ला अडले तेव्हा मला पुन्हा म्हणायला लावला, आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

हुकूम मीच मोठ्यानं वाचला. उमरग्याचीच मुलींची शाळा. रुजू व्हायचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशीचा, बारापर्यंत. माझे तीन दिवस लाखेखाली गेले होते. जमादारांचा चेहरा पडला. त्यांनी कोटाची बटणं चाचपली, आणि पहिल्यांदाच मला तो माणूस म्हातारा दिसला.

अप्पा घसा खाकरून म्हणाले, की आता इतक्या घाईत कसं, बघू, विचार करू. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले. हे सतरंजीचे दोरे ओढत बसले, मला त्यांचा राग आला.

जमादार मात्र टाक घेऊन तयारच होते. "हुजूर, कागद पुरा करायचा हाय. हुकूम आला तर पाठवीन अशी जबान तुमी दिलती, असं ऐकलंय. दिलती का न्हाय, तेवढं लिवतो. पंच बसल्यात."

अप्पा बाजारात भावाच्या बाबतीत कितीही फिरवाफिरवी करायचे. पण पंचनामा म्हटल्यावर ते पंचांकडं बघू लागले, आणि पंच त्यांच्याकडं. गिरणीवाला अर्ध्या गावाचं पीठ दळायचा, म्हणजे ही गोष्ट संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावात जाणार होती. मग "दिली होती," म्हणाले आणि सही केली.

त्या संध्याकाळी चुलीपुढं अव्वा भाकरी थापत होत्या, मी भाजत होते. आता बोलणी बसणार म्हणून मी अंग चोरून बसले होते. मनातून त्यांनाही ठणकावून उत्तर द्यायचं ठरवलं होतं, मास्तरीण झाले ना मी. शेवटची भाकरी तव्यावर पडली तशा अव्वा म्हणाल्या, "त्यानं नाव वाचलं तवा तुला कसं वाटलं गं?"

मी म्हणाले, रडू आलं.

त्यांनी हाताचं पीठ परातीत झटकलं. दाराकडं बघितलं, कुणी नव्हतं. "माझं बी एक होतं," त्या म्हणाल्या, आणि मग खाली वाकून, कानडी वळणानं, ते मला सांगितलं. लहान मुलीचं असावं तसं नाव होतं. अप्पांना माहीत आहे का, विचारलं, तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. माहेरचं आता कोण उरलंय म्हणाल्या, एक भाऊ, तो अक्का म्हणतो.

"एकडाव म्हण बघू."

सासूचं नाव सुनेनं कसं घ्यायचं? पण त्या माझ्या तोंडाकडं बघत थांबल्या होत्या. मी हळूच ते नाव घेतलं, हाक मारावी तसं, आणि अव्वांनी 'ओ' दिली.