बुडालेल्या जहाजावरचं पुण्य

आई कणीक भिजवायला लागली की त्या ओल्या पिठाच्या वासानं माझं डोकं अजून फिरतं.

मी दहा वर्षांची होते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या एका बेटाजवळ उथळ पाण्यात बुडालेलं जुनं जहाज बघायला आम्ही तोंडात स्नॉर्केलची नळी धरून उतरलो होतो. गंजलेल्या पत्र्यावर जांभळी प्रवाळं वाढली होती आणि त्यांच्यातून पिवळे मासे संथपणे फिरत होते. माशांना काहीही घालायचं नाही, असं गाइडनं बोटीवरच बजावलं होतं. तरीही बाबांनी शॉर्ट्सच्या खिशातून कणकेच्या गोळ्या काढल्या.

"बाबा, नको म्हणालीय ना ती!" मी डोकं वर काढून, नळी बाजूला करून ओरडले.

"अगं, माशांना घातलं की पुण्य मिळतं. या गोऱ्यांना काय कळतंय?"

पाणी पांढरं गढूळ झालं. मासे एकमेकांना ढकलत माझ्या बोटांना लुचायला लागले, आणि खरं सांगते, मी नळीतून खिदळत होते.

बोटीवर चढल्यावर गाइडनं दरडावून विचारलं, कुणी खायला घातलं? बाबांनी सँडविच खाणाऱ्या एका म्हाताऱ्या टुरिस्टकडे बोट दाखवलं. "मेट, आय थिंक हिम."

त्याला इंग्रजी येत नव्हतं. सगळ्यांसमोर बोलणी खाऊन तो वाकून वाकून सॉरी म्हणत राहिला. बाबांनी मला डोळा मारला.

आज मी प्रवाळं वाचवा म्हणून पत्रकं वाटते, तेव्हा बाबा पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, "लहानपणापासून निर्भीड आहे हो पोरगी!"

साफ खोटं. त्या बोटीवर खरं काय ते मला माहीत होतं, इंग्रजीही येत होतं, आणि मी टॉवेलनं केस पुसत बसले.